खेड्यातल्या पबमागची ब्रुअरी: आधण केवढं असावं?

प्रश्न थोडक्यात असा होता: श्रॉपशरमध्ये, वेल्सच्या सीमेलगतच्या एका खेड्यातला पब आम्ही नवरा-बायको विकत घेतोय. फ्री हाऊस आहे, म्हणजे अमक्याच कंपनीची बिअर घ्या असं बंधन नाही. मागे दगडी तबेला रिकामा पडलाय. सध्याचे मालक तीन हातपंपांवर (बारवर हातानं ओढून बिअर काढायचे पंप) आठवड्याला साधारण ६ फर्किन, म्हणजे ६ छोटी पिंपं, कास्क एल (पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर) विकतात. एका बंद पडलेल्या ब्रुअरीचा ५ बॅरलचा संच स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? आणि सुरुवातीला कशाकशाकडे लक्ष द्यावं?

नमस्कार ताई. तो ५ बॅरलचा संच घेऊ नका. फुकट दिला तरी घेऊ नका. अडीच बॅरलचा शोधा, आणि तो सापडेपर्यंत तळघराकडे बघा. मी सतरा वर्षं तुमच्या शेजारच्या हरफर्डशरमध्ये एका पबच्या मागच्या ब्रुअरीत बिअर काढतोय. सुरुवातीची सहा वर्षं फक्त ब्रुअरी सांभाळायचो, नंतर तळघरही माझ्याकडे आलं. तळघर हातात आल्यावर मला माझीच बिअर खऱ्या अर्थानं कळायला लागली. म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

आधी मापाचा हिशोब. एक बॅरल म्हणजे ३६ गॅलन, साधारण १६४ लिटर. फर्किन त्याचा चौथा भाग: ९ गॅलन, जवळजवळ ४१ लिटर, ७२ पाइंट. तळाला गाळ राहतो, नळ्या धुताना थोडी जाते, त्यामुळे हातात ६७-६८ पाइंट येतात असं धरा. पाच बॅरलच्या एका आधणात २० फर्किन निघतात. (आधण हा माझा शब्द. आमच्या घरी कोल्हापूरकडे गुऱ्हाळ होतं, काहिलीत एका वेळी चढणाऱ्या रसाला आधण म्हणायचे. इथेही एका वेळच्या बिअरला माझ्या तोंडी तोच शब्द बसलाय.) आठवड्याला ६ फर्किन खपतात म्हणजे २० फर्किन साडेतीन आठवड्यांत संपतील, असं तुम्ही मनाशी म्हटलं असेल. तसं होत नाही. तीन हातपंप म्हणजे तीन वेगळ्या बिअर. प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याला दोन फर्किन येतात. मग एका बिअरचं २० फर्किनांचं आधण संपायला दहा आठवडे लागतात. पिंपात भरलेली हलकी बिटर, म्हणजे कडवट चवीची नेहमीची इंग्लिश बिअर, साधारण सहा आठवड्यांपर्यंत चांगली राहते. त्यानंतर ती बिघडते असं नाही, पण हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी एक चव हळूहळू मागून येते. शेवटची आठ फर्किन तुम्ही अशीच विकाल, आणि गावातले लोक तोंडावर काही बोलणार नाहीत. ते फक्त दुसरा पाइंट मागणार नाहीत.

अडीच बॅरलच्या आधणात १० फर्किन निघतात. तीच विक्री धरली तर एक बिअर पाच आठवड्यांत संपते. वर्षाला ३१२ फर्किन लागतील, म्हणजे ३१-३२ आधणं, दर अकरा-बारा दिवसांनी एक. हे एका माणसाला झेपतं आणि एका आधणातून पुढच्यासाठी राखलेलं यीस्टही फार वेळ उपाशी बसत नाही.

"मोठ्या भांड्यात अर्धंच आधण काढू" हा विचार प्रत्येकाला सुचतो, मलाही सुचला होता. मॅश टन म्हणजे ज्या पिंपात दळलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) गरम पाण्यात भिजत ठेवतात, त्यात माल्टचा थर जाड असावा लागतो. तोच थर स्वतःची गाळणी होतो आणि स्वतःची उष्णताही धरून ठेवतो. सव्वाशे किलो माल्टसाठी बनवलेल्या मॅश टनमध्ये साठ किलो पसरलं की थर वीतभरही होत नाही; तापमान तासाभरात घसरतं, आणि वरून पाणी शिंपडलं की ते एका बाजूनं वाट काढून खाली जातं. उकळायच्या भांड्यात हीटर बाजूला बसवलेला असेल तर अर्ध्या रसात तो उघडा पडतो. भांडी ज्या मापाची बनवलीत त्याच मापानं चालतात.

"उरलेली बिअर आजूबाजूच्या पबना विकू" हा दुसरा विचार. त्यासाठी गाडी लागते, गाडी चालवणारा लागतो, दुपटीनं पिंपं लागतात, आणि ती परत आणायला पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. उधारी राहते. शिवाय तुमची पिंपं दुसऱ्याच्या तळघरात कशी ठेवली जातात यावर तुमचा काहीच ताबा नसतो, पण हातपंपावरचं नाव मात्र तुमचं असतं. ज्यांना तो धंदा करायचाय त्यांनी जरूर करावा, तो वेगळा धंदा आहे. पबमागच्या ब्रुअरीचं बळ एकाच गोष्टीत आहे: बिअर जिथे बनते तिथून चाळीस पावलांवर प्यायली जाते, आणि मधल्या प्रत्येक पावलावर तुमचीच नजर असते.

हे मी मनचं सांगत नाही. कॅमरा ही रिअल एलसाठी, म्हणजे याच कास्क बिअरसाठी, झगडणारी संघटना १९७१ साली उभी राहिली, त्या सुमाराला ब्रिटनमध्ये स्वतःची बिअर स्वतः बनवणारे जुने पब चारच उरले होते. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ब्लू अँकर, नेदरटनचा ओल्ड स्वान, मॅडलीचा ऑल नेशन्स आणि बिशप्स कासलचा थ्री टन्स. चारांपैकी शेवटचे दोन तुमच्या श्रॉपशरमधले. मोठमोठ्या कंपन्यांनी हजारो पब आणि शेकडो ब्रुअऱ्या गिळल्या, त्या काळात हे चार टिकले. माझ्या मते त्यांच्या टिकण्याचं मोठं कारण हे की त्यांनी आपल्या बारपुरतीच बिअर काढली. ब्लू अँकरची मिडल ही बिअर १९१९ साली, पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या गावच्या पोरांसाठी बनवली गेली असं तिथे सांगतात, आणि ती आजही निघते. बिशप्स कासलच्या ब्रुअरीचा परवाना १६४२ सालचा आहे. तिथली आजची इमारत व्हिक्टोरियन काळातली मनोरा ब्रुअरी: माल्ट आणि पाणी वरच्या मजल्यावर चढवायचं, आणि मग भिजवणं, उकळणं, आंबवणं असं करत रस आपल्या वजनानंच मजल्यामजल्यानं खाली उतरतो. तबेल्याचा आराखडा काढण्याआधी एकदा जाऊन ती बघा. तुमच्या तबेल्याला माळा असेल तर निदान गरम पाण्याची टाकी वर ठेवता येईल. एक पंप वाचतो, आणि प्रत्येक पंप म्हणजे धुवायची आणखी एक वस्तू.

आता तळघर. कास्क बिअर ब्रुअरीतून निघते तेव्हा ती पुरी झालेली नसते. पिंपात थोडं जिवंत यीस्ट आणि थोडी साखर शिल्लक असते, आणि ती तिथेच दुसऱ्यांदा आंबते. त्यातून जो हलका वायू तयार होतो तेवढाच तिचा फेस. बाहेरून गॅस मारायचा नाही. म्हणजे बिअर बनवण्याचा शेवटचा आठवडा तळघरात घडतो. तिथे तापमान ११ ते १३ अंश हवं, उन्हाळ्यातही आणि शनिवारी रात्री दार शंभरदा उघडतं तेव्हाही. आत्ताच्या मालकांना विचारून एक साधा नोंदी ठेवणारा थर्मामीटर महिनाभर तिथे ठेवा. भिंतीच्या वरच्या बाजूला नको, पिंपांच्या उंचीवर. १५-१६ अंश दिसले तर तुमचे पहिले पैसे ब्रुअरीत नाही, तळघराच्या कूलरमध्ये जाणार हे धरून चाला.

मी दर सोमवारी काय करतो ते सांगतो. आठवड्याची पिंपं लाकडी घडवंचीवर आडवी चढवायची, पोटावरचं भोक वर, तोंड माझ्याकडे आणि किंचित खाली. दोन्ही बाजूंना पाचरी, तिसरी मागे. एकदा ठेवलं की रिकामं होईपर्यंत ते हलवायचं नाही. पिंप काही तास निवलं की वरच्या लाकडी बुचाच्या मधोमध असलेल्या पातळ जागेवर मऊ लाकडाची खुंटी हातोडीनं ठोकायची. पहिली फुस्स झाली की कान द्यायचा. जोरात शिट्टीसारखा आवाज आला आणि फेस खुंटीच्या रेषारेषांतून वर यायला लागला, तर बिअरला अजून दम आहे. फेस पांढरा, घट्ट, छोट्या बुडबुड्यांचा असावा. दर दोन-तीन तासांनी जाऊन तो स्वच्छ फडक्यानं पुसायचा आणि खुंटी तपासायची, कारण सुकलेल्या फेसानं मऊ लाकडाची छिद्रं बुजतात आणि मग आत दाब साठतो. पुसल्यावर फेस परत यायला दहा-बारा सेकंद लागायला लागले की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची बसवायची. आता बिअर शांत झाली. उरलेला वायू आतच राहील. पुढच्या दिवशी तोटी. समोरच्या बुचावर तोटी टेकवून लाकडी हातोड्यानं एकच खणखणीत घाव. दोन घाव घातले की गाळ उठतो आणि अर्धी बिअर तुमच्या बाहीवर गळते. चोवीस तासांनी पेल्यात चार घोट काढून खिडकीकडे धरायचे. पेल्यामागची खिडकीची चौकट कडक रेषेत दिसली तर ती वर जाईल. धूसर असेल तर आणखी एक दिवस.

तोटी लागल्यावर मात्र घड्याळ सुरू होतं. पिंपातून बिअर निघते तशी हवा आत शिरते. तीन दिवसांत ते पिंप संपलं पाहिजे. चौथ्या दिवशी तिचा ताजेपणा जातो, पाचव्या दिवशी आंबूस झाक येते. फर्किनातले ६८ पाइंट तीन दिवसांत म्हणजे दिवसाला २२-२३ पाइंट, एका बिअरचे. सोमवार-मंगळवारी तुमच्या पबात हे होणार नाही. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला एकच किंवा दोनच पंप चालू ठेवा आणि तिसरा बंद ठेवून त्याची पाटी उलटी लावा. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही. शिळ्या तीन बिअर देण्यापेक्षा ताजी एक द्यावी. काही ब्रुअऱ्या यासाठी साडेचार गॅलनची छोटी पिंपं, पिन म्हणतात ती, ठेवतात. दहा-बारा पिन तुम्हीही घ्या. हिवाळ्यातल्या जड बिअरसाठी ती फार उपयोगी पडतात.

ब्रुअरीच्या कामाबद्दल. ३.८ टक्क्यांच्या बिटरचं १० फर्किनांचं आधण काढायचं तर ६० किलोच्या थोडा वर माल्ट लागतो. पोतं २५ किलोचं येतं, म्हणजे अडीच पोती. मी बहुतेक मॅरिस ऑटर वापरतो. १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये तयार झालेला हा जवाचा वाण शेतकऱ्याला कमी उतारा देतो म्हणून महाग पडतो, पण गाळताना अडत नाही, आणि छोट्या संचात ते फार मोलाचं आहे. हॉप्स किलो-सव्वा किलो, त्यात फगल आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज. माल्ट ६६ अंशांवर तासभर भिजतो, वरून ७६-७७ अंशांचं पाणी शिंपडत गोड रस काढायचा, मग तास-सव्वा तास उकळायचा.

उकळी यायच्या आधीची पाच मिनिटं मला रोज गुऱ्हाळावर नेतात. रस तापला की वर मातकट, चिकट फेस जमतो आणि अचानक चढतो. काहिलीत मळी वर येते अगदी तसाच. आमचा गुळव्या रानभेंडीचा चीक टाकून मळी गोळा करायचा. इथे उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत समुद्रशेवाळ टाकतात, कामाचा हेतू तोच: रसातली प्रथिनं गोळा होऊन खाली बसावीत. गुळव्या काहिलीसमोरून हलत नसे. तुम्हीही त्या पाच मिनिटांत फोन उचलू नका. ४५०-५०० लिटर उकळता रस उतू गेला तर नुसती नासाडी होत नाही, माणूस भाजतो.

वीज तपासा. खेड्यातल्या बऱ्याच पबना एकच फेज असते. पाचशे लिटर रस ७५ अंशांवरून उकळीला न्यायला साडेचौदा युनिट वीज लागते. १२ किलोवॅटचा हीटर लावला तर सव्वा तास. त्याच वेळी स्वयंपाकघरात फ्रायर आणि ओव्हन चालू असतील तर मुख्य फ्यूज उडेल, आणि तो रविवारच्या जेवणाच्या ऐन गर्दीत उडेल. तीन फेज आणायला विजेचा खांब किती लांब आहे त्यावर खर्च ठरतो, तेव्हा व्यवहार पक्का होण्याआधी लेखी अंदाज मागवा. मी बिअर काढण्याचा दिवस मंगळवार ठेवलाय, कारण मंगळवारी आमचं स्वयंपाकघर बंद असतं.

पाणी. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर स्थानिक परिषदेला त्याची तपासणी लागतेच, पण तुम्हाला त्यातली क्षारता वेगळी मोजून घ्यायची आहे. चुनखडीचं पाणी असेल तर माल्टच्या भिजवणात आम्लता पुरेशी येत नाही, ५.२ ते ५.५ हा सामू गाठायला थोडं आम्ल आणि जिप्सम घालावं लागतं. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या फिकट एलला नाव मिळालं ते तिथल्या जिप्समच्या पाण्यामुळे, आणि आज जगभर लोक तेच क्षार चमच्यानं मोजून घालतात.

स्वच्छतेवर एकच गोष्ट सांगतो, ती माझ्यावर बेतलेली. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या बिटरला लवंगेसारखा, औषधी वास येऊ लागला. पहिल्यांदा यीस्ट बदललं. दुसऱ्या आधणालाही तोच वास. पाइप बदलले, रस थंड करायचं यंत्र खोलून आत रात्रभर कॉस्टिक फिरवलं. शेवटी आंबवण्याच्या टाकीचा तळाचा बॉल व्हॉल्व्ह पान्यानं उघडला. तो मी रोज बाहेरून धूत होतो, उघडझाप करत गरम पाणी सोडत होतो. आत, गोळ्याच्या मागे, जिथे पाणी कधी पोचतच नव्हतं, तिथे बोटाला लागेल एवढा राखाडी, बुळबुळीत थर होता, आणि त्याला तोच वास. वीस फर्किन बिअर ओतून द्यावी लागली. तेव्हापासून प्रत्येक आधणानंतर प्रत्येक व्हॉल्व्ह सुटा होतो, त्याचे तुकडे पांढऱ्या बादलीत भिजतात, आणि भिंतीवरच्या तक्त्यावर सही होते. तुम्ही घ्याल त्या टाक्यांना बॉल व्हॉल्व्ह असतील तर ते काढून सहज खोलता येणारे बटरफ्लाय बसवा.

आंबताना निघणाऱ्या वायूबद्दल मला काळजी आहे, म्हणून जोर देऊन लिहितो. दहा फर्किनांचं एक आधण आंबताना साधारण १२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. मोकळ्या हवेत तो सहा-सात घनमीटर जागा व्यापतो. तो हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो, दिसत नाही. दगडी तबेल्याची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा खाली असेल तर तो तिथे पाण्यासारखा भरतो. टाकी रिकामी झाल्यावर आत वाकून गाळ खरवडणं ही सगळ्यात घातक सवय. वायू मोजणारं यंत्र कमरेच्या उंचीखाली बसवा, तळघरात वेगळं एक, आणि पंखा जमिनीलगतची हवा बाहेर ओढेल असा लावा. मुलं पबच्या वरच राहणार असतील तर ब्रुअरीला कुलूप पाहिजे.

सांडपाणी हा खेड्यातल्या ब्रुअरीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मैला सेप्टिक टाकीत जात असेल तर ब्रुअरीचं पाणी त्यात सोडू नका. उरलेली बिअर आणि यीस्टचा गाळ यांना कुजायला लागणारा ऑक्सिजन घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट असतो. टाकी महिन्याभरात मरते आणि उन्हाळ्यात बागेत बसलेल्या गिऱ्हाइकांना तिचा वास येतो. ओढ्यात सोडणं हा तर गुन्हा आहे. सार्वजनिक गटार असेल तरी पाणी कंपनीची परवानगी लागते. आम्ही यीस्टचा गाळ वेगळ्या पिंपात साठवतो आणि तो शेणखताच्या ढिगात जातो. माल्टचा चोथा, ओला जवळजवळ ऐंशी किलो, शेजारचा शेतकरी त्याच दिवशी दुपारी नेतो. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत तो आंबतो. गाईंना घालायला देत असाल तर पशुखाद्य व्यवसाय म्हणून परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. नोंद नसेल तर अडचण शेतकऱ्याचीही होते. तो शेतकरी चोथ्याचे पैसे देत नाही, आणि मी मागतही नाही. बर्फात आमची गाडी अडकते तेव्हा त्याचाच ट्रॅक्टर येतो.

कर आणि परवाने थोडक्यात. पहिलं आधण चढण्याआधी महसूल खात्याची मंजुरी हवी, नंतर नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून मद्यावरचा कर त्यातल्या शुद्ध अल्कोहोलवर लागतो, छोट्या उत्पादकांना सवलत आहे, आणि मोठ्या पिंपातून बारवर विकल्या जाणाऱ्या बिअरला आणखी वेगळी सवलत आहे. छोट्या उत्पादकाची मर्यादा वर्षाला ४,५०० हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) शुद्ध अल्कोहोलची आहे; तुमची बिअर १२८ हेक्टोलिटरच्या आसपास, म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल जेमतेम पाच हेक्टोलिटर, तेव्हा दोन्ही तुम्हाला लागू पडतील. पिंपाच्या तळाशी राहणाऱ्या न पिण्याजोग्या गाळावर कर भरावा लागत नाही, मात्र तो किती धरला त्याच्या नोंदी असाव्या लागतात. इमारत संरक्षित यादीत असेल तर तबेल्याला साधी नळी बाहेर काढायलाही परवानगी लागते. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा.

वेळेचा हिशोब मात्र कुणी सांगत नाही. एका आधणाला बिअर काढण्याचा आठ-नऊ तासांचा दिवस, पिंपं धुवायला तीन तास, भरायला तीन, कागदपत्रांना एक. वर्षाची ३२ आधणं म्हणजे पाचशे तास. बाहेरून विकत आणलेल्या पिंपापेक्षा घरचं पिंप स्वस्त पडतं ते बहुतांशी या पाचशे तासांमुळेच. तुमच्यापैकी एकानं तरी हे तास आनंदानं द्यायला हवेत. दोघंही बार, स्वयंपाकघर आणि खोल्या सांभाळून "मधल्या वेळात" ब्रुअरी करणार असाल, तर पहिलं वर्ष फक्त पब चालवा. ब्रुअरी वर्षभर थांबू शकते. गाव थांबत नाही.

कोणती बिअर काढावी, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण आपल्याकडून हमखास होणारी गोष्ट आहे. कोकम, वेलची, हापूसचा रस घालून काहीतरी आपलं बनवावं असं तुम्हाला वाटेल. वाटावंच. पण पहिल्या वर्षी नको. पहिली बिअर साधी बिटर असू द्या, चार टक्क्यांच्या आत, सध्या बारवर जी सगळ्यात जास्त जाते तिच्या जवळपास जाणारी. पहिले सहा महिने ती विकत घेतलेली बिटरही शेजारच्या पंपावर राहू द्या. लोकांना निवड द्या. एक दिवस ते आपणहून तुमच्या पंपाकडे बोट दाखवतील, तेव्हा दुसरी काढून टाका. आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ अकरा महिने जुनीच बिटर घ्यायचे. अकराव्या महिन्यात काही न बोलता पेला माझ्या पंपाखाली सरकवला. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं.

एक शेवटची गोष्ट, आपल्या लोकांच्या सोयीची. कास्क बिअर नितळ करायला परंपरेनं आयसिंग्लास वापरतात, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनवलेलं. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाचा जो बोत सोन्याच्या भावानं जातो, तो शरीराचा तोच भाग. शाकाहारी गिऱ्हाइकाला ही गोष्ट माहीत असण्याचा हक्क आहे. मी दोन बिअर आयसिंग्लासशिवाय काढतो, त्या तळघरात चार-पाच दिवस जास्त ठेवतो, आणि तरीही किंचित धूसर राहिल्या तर पाटीवर तसं स्पष्ट लिहितो. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

अडीच बॅरलचा वापरलेला संच बघायला जाल तेव्हा टॉर्च, एक छोटा आरसा आणि पाना बरोबर न्या. मॅश टनमधली जाळी उचलायला सांगा आणि तिच्याखालची जागा बघा. विकणारा ती उचलायला तयार नसेल तर परत या. टाक्यांच्या आतल्या वेल्डिंगवर बोट फिरवा, बोट अडकलं तिथे घाण अडकते. टाक्या दोन असाव्यात, त्यांना स्वतःचं थंड करणारं आवरण असावं. पिंपं किमान साठ मागा, प्रत्येक आत वाकून हुंगा. आणि तळघरातल्या थर्मामीटरच्या महिनाभराच्या नोंदी हातात आल्या की मला दाखवा, त्यावरून कूलर किती मोठा घ्यायचा ते आपण बसून ठरवू.